लोलकाविना वाजलेली घंटा

बस रे, रोद्या. चहा ओत आणि तो फोन उपडा ठेव. उस्त्या, शाल घे. वोल्गावरचा वारा जूनमध्येही चावतो. आणि हे ऐकीव नाही हं. ज्याच्यावर बेतलं तो झाखार माझ्याच वर्गात होता.

झाखार घंटा ओतायचा. हाताला यश होतं, पण जिभेला हाड नव्हतं. घंटा ओतताना गावात एक थाप सोडायची, हा आपला जुना रिवाज. थाप जितकी लांब जाईल तितका घंटेचा आवाज लांब जातो म्हणतात. पण थाप कशी? वासराला दोन शेपट्या फुटल्या, नाहीतर महापौरांच्या बायकोला दाढी आली, असली! आणि घंटा टांगून पहिला टोला पडला, की थाप सोडणाऱ्यानं चारचौघांत टोपी काढून सांगायचं, 'माफ करा मंडळी, घंटेसाठी खोटं बोललो.' मग सगळ्यांनी हसायचं, प्यायचं, मोकळं व्हायचं.

गेल्या शरदात झाखारनं थाप सोडली ती तैसियावर. धक्क्यावर बोटीच्या प्रवाशांना धुरी दिलेली मासळी विकायची ती. नवरा येफिम नावेतून पडून बुडालेला. झाखारनं मागणी घातली, तिनं सरळ नाही म्हटलं. मग हा बोलला, 'येफिमला तिनंच दारू पाजून ढकललं.'

थाप पार यारोस्लाव्हलपर्यंत गेली. घंटा चढली, काय गोड वाजली! पण झाखारनं टोपी काही काढली नाही. तैसियाचं गिऱ्हाईक तुटलं, सासूनं दार लावून घेतलं. शेवटी ती ओतशाळेत गेली.

"झाखार पेत्रोविच, पहिला टोला पडला ना? मग सांग की आता."

"सांगू की! घाई कसली? आवाज अजून जरा पिकू दे," हा दात काढत म्हणाला.

डिसेंबरात नदीवर नुकता बर्फ धरला होता. त्यावरून ती चालत गेली. सापडली नाही. आणि गाव म्हणालं, 'बघा, मनात पाप होतंच.' मला या गावाची किळस आली त्या दिवशी. अरे, जुन्या काळी राजपुत्राच्या खुनाची बोंब ठोकली म्हणून झारनं इथल्या घंटेचा लोलक उपटला, तिला फटके मारले, सैबेरियात धाडलं. तीनशे वर्षांनी ती परत आलीच ना? आपल्या उग्लिचमध्ये घंटा काही विसरत नाहीत. घंटा ओतणाऱ्याला हे कळू नये?

याच वर्षीची अठरा जानेवारी. बाप्तिस्म्याच्या सणाची आदली रात्र. आम्ही सगळे नदीवर, बर्फात कापलेल्या खड्ड्यात डुबक्या मारत होतो. त्या दुपारी झाखारच्या नव्या घंटेच्या लोलकाचा चामडी पट्टा तुटला होता. चौघांनी तो लोखंडी लोलक खाली उतरवून घंटेच्या बुरुजाच्या पायथ्याशी घसरगाडीवर ठेवला होता. पहाटेच्या प्रार्थनेआधी वरच्या कडीला नवा पट्टा घालायचा, एवढंच काम. झाखार एकटाच वर गेला. शीळ घालत.

वर काय झालं ते त्यानं त्या पहाटे माझ्या शेगडीपाशी सांगितलं.

पट्टा बसला. हत्यारं आवरली. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. ओलं पाऊल. उणे पंचवीस अंशांच्या थंडीत... ओलं.

"कोण आहे?"

...

पुन्हा एक पायरी. मग धुराचा वास आला. मासळीच्या धुराचा.

"कोण?"

...

"पहिला टोला पडला ना?" अगदी मानेपाशी. "मग सांग की आता."

झाखार धडपडत खाली पळाला. आणि नदीवर आम्हाला घंटा ऐकू आली. प्रार्थनेची नव्हे. आग लागल्यावर वाजवतात तशी. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी एकाच पायात बूट घालून, अख्खं गाव धावलं.

बुरुजाखाली घसरगाडी होती. गाडीवर लोलक. त्यावर बर्फ साचलेला.

आणि वर घंटा वाजत होती.

झाखार दारात आला. गुडघ्यांवर बसला. टोपी काढली. घंटा थांबली.

"मंडळी, तैसियानं..."

ढाण!

तो गप्प. घंटा गप्प.

"मी खोटं..."

ढाण!

रडला. ओरडला. ओठ हलताना दिसत होते, शब्द एक नाही. जिवंतपणी तिनं तोंड उघडून मागितलं तेव्हा दिलं नाहीस, आता तुझं ऐकतंय कोण?

मग गर्दीतून येफिमची म्हातारी आई पुढे आली. वर बघून म्हणाली, "कळलं गं पोरी. सगळ्यांना कळलं. आम्हाला माफ कर."

...

घंटा वाजली नाही. म्हातारीला तिनं बोलू दिलं, बघा. झाखारला नाही. त्या पहाटे माझ्याकडे बोलला तेवढंच. त्यानंतर आजवर त्याच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. आणि खरं सांगू? मला त्याची कीव येत नाही.

काय म्हणालास, रोद्या? "आजोबा, आता तुम्हीच घंटा ओतताय, मग ही तुमची थापच ना"? बरं. उद्या चढ त्या बुरुजावर. घंटेच्या आत वाकून बघ, लोलक आदळतो तिथं. बाईच्या हाताचा पंजा आहे. बर्फाचा. एप्रिलमध्ये नदी मोकळी झाली. आता तर लायलॅकची फुलंही येऊन गेली.

तो पंजा अजून वितळलेला नाही.