मनाई फक्त बघण्याची होती

“आधी तो डावा बूट काढा!”

आमच्या प्रेमकथेतलं हे पहिलं वाक्य, आणि ते माझं आहे. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. अर्धा तास खपून मी ओल्या फरशीवरून धावणारी एक बाई जमवत आणली होती, शेवटची चार पावलं उरली होती, आणि रेकॉर्डिंगच्या खोलीचं जाड दार ढकलून हे महाशय आत आले. करकर... करकर... झालं! सगळ्या मेहनतीवर पाणी.

“सॉरी हं, बाहेरचा लाल दिवा दिसला नाही,” तो म्हणाला.

“दिवा दिसला नाही, पण स्वतःचा बूट तरी ऐकू येतो की नाही? टाचेची शिवण उसवलीय त्याची.”

त्याने खाली बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या एका पायात उंच टाचेची लाल सँडल, दुसरा पाय अनवाणी, हातात पिळलेलं फडकं.

“तुम्ही... नक्की काय करता?”

“चालते,” मी तोऱ्यात म्हटलं.

थट्टा नाही, माझं कामच ते आहे. सिनेमात नायिका जिना चढते तेव्हा जे टकटक ऐकू येतं ना, ते तिचं नसतं, माझं असतं. पडद्यावर तिचे पाय बघत बघत मी इथे तशीच पावलं टाकते. पदराची सळसळ, किल्ल्यांचा जुडगा, दारांच्या कड्या, सगळं मीच. पाऊससुद्धा मीच पाडते, कागदावर तांदूळ ओतून. प्रेमकथेत पाऊस हवाच असं कुणाचं म्हणणं असेल, तर माझ्याकडे डबाभर आहे. अकरा वर्षं झाली. स्टुडिओत मला सगळे टाचताई म्हणतात, कारण प्रत्येक टेकच्या सुरुवातीला मी टाच दोनदा आपटते, टक टक. आवाज आणि चित्र जुळवायला खूण लागते. जुळवून झालं की ती कापून टाकायची.

ती सवय घरीही लागलीय. उंबऱ्याशी आले की टाच दोनदा आपटायची, की आई आतून म्हणते, “आले गं!” दारावरची घंटा वाजवायची आमच्याकडे पद्धतच नाही. मात्र माझ्या कामाचं नाव काढलं की आई कपाळाला हात लावते. “शेजारच्या काकूंना काय सांगू? आमची मुलगी चालते, आणि तिला त्याचा पगार मिळतो?”

असो. करकर साहेब आमच्या सिनेमाचे संगीतकार निघाले. मला वाटलं होतं, कुणी मोठे केस वाढवलेला माणूस असेल. हा तर नुसताच उंच, आणि ओशाळला की कान लाल होणारा.

दुसऱ्या दिवशी तो नवे बूट घालून आला. इतके मुके की मागून “नमस्कार” म्हणाला तेव्हा माझ्या हातातला तांदळाचा डबाच सुटला.

“अहो, दचकवता काय! जुने बरे होते. निदान माणूस येतोय हे कळायचं.”

“तुम्हीच तर ओरडलात काल!” तो गुडघ्यावर बसून तांदूळ वेचायला लागला. “टाचताई, एक विचारू?”

“विचारा. पण ताई नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“...ते तुमचं तुम्ही शोधा.”

कान लाल झाले. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

तांदूळ वेचता वेचता त्याने मला सिनेमाची गोष्ट सांगितली. मला कुणी कधी अख्खी गोष्ट सांगतच नाही, नुसते पाय दाखवतात. मूळ गोष्ट ग्रीकांची, हजारो वर्षांपूर्वीची. एक गवई. असा गाणारा की दगडांनी कान द्यावेत. त्याची नवी नवरी साप चावून मरते. हा तिच्यामागे थेट मृत्यूच्या राज्यात उतरतो आणि तिथल्या राजाला गाऊन रडवतो. राजा म्हणतो, जा घेऊन तिला, ती तुझ्या मागून चालेल. मात्र उजेडात पोचेपर्यंत एकदाही वळून बघायचं नाही. बघितलंस तर गेली.

“आणि हा वळतो,” मी म्हटलं.

“शेवटच्या पायरीवर. तिची पावलंच ऐकू येत नाहीत ना! ती सावली असते. राहवत नाही त्याला.”

आमच्या मॅडमनी, म्हणजे दिग्दर्शक बाईंनी, त्या गोष्टीला आजचे कपडे चढवले होते. गवई आता लग्नसमारंभात गाणारा मुलगा, मृत्यूचं राज्य म्हणजे जमिनीखालचा एक भलामोठा कारखाना, जिथे शिरलं की माणूस स्वतःचं नाव विसरतो. वर यायला लोखंडी जिना, एकशे चाळीस पायऱ्यांचा. आणि त्या चढणीवर सहा मिनिटांचं गाणं. त्याचं.

“पण मला सांगा,” मी म्हटलं, “मनाई कशाची होती?”

“वळून बघायची.”

“बघायची ना? ऐकायची थोडीच होती! मग ही बया एकशे चाळीस पायऱ्या मुकाट का चढते? नवरा पुढे जीव मुठीत धरून चाललाय आणि हिला टाच आपटता येत नाही? मी असते तर असा दणादण जिना चढले असते, की राजाची झोपमोड झाली असती.”

तो वेचलेले तांदूळ मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिला.

“हे... मॅडमना सांगा.”

“मी कोण सांगणारी?”

“मग मी सांगतो,” म्हणाला, आणि गेला की खरंच!

मॅडम अशी संधी सोडतील? त्यांनी दोघांना समोर उभं केलं. चढण दोन तऱ्हांनी तयार करायची. एकीत त्याचं गाणं, दुसरीत फक्त माझी पावलं, बाकी शांतता. शुक्रवारी दुपारी दोन्ही बघायच्या. एकच राहील.

अकरा वर्षांत माझं एक पाऊल उघडं ऐकू आलं नव्हतं. जरा कुठे जमलं, की वरून गाणं येऊन बसायचं. कोण ऐकणार पावलं? आणि आता एकशे चाळीस! जमली नाहीत, तर जन्मभर फडकं पिळत गप्प बसायचं.

“गाणं ऐकवा एकदा,” मी त्याला म्हटलं. ऐकलं. डोळे भरून आले माझे. खोटं कशाला बोलू?

“चांगलंय?” त्याने विचारलं.

“मेल्या, फारच चांगलंय!” मी चिडून म्हटलं. तोंडातून ‘मेल्या’ निघून गेलं होतं. तो मात्र बक्षीस मिळाल्यासारखा हसला.

त्यात आमचे रेकॉर्डिस्ट दादा तापाने पडले. यंत्रावर बसणार कोण? “मी बसतो,” तो म्हणाला.

“तुम्ही? माझ्याच विरुद्ध उभे असलेले?”

“काचेच्या पलीकडे बसेन. भरवसा नसेल, तर सांगा तसं.”

माझा अभिमान नाकावर, पण त्याच्या डोळ्यांत मला खोट दिसली नाही. मी हो म्हटलं.

तीन दिवस मी लोखंडी पत्र्यावर चढत होते. पहिल्या वीस पायऱ्या ती सावली होती, म्हणून मोजे घालून. मग अनवाणी. मग एकेक पाऊल जड, रक्तामांसाचं होत गेलेलं. काचेपलीकडे तो डोळे मिटून ऐकायचा. “त्रेसष्टावं पाऊल घाबरलंय,” म्हणायचा. “तिने घाबरू नये. तिला माहितेय तो वळणार नाही.” आणि बरोबर असायचं, काय करणार! कुणीतरी माझी पावलं अशी मोजून ऐकतंय, याने मला दुसरंच काहीतरी व्हायला लागलं होतं. शेवटची पायरी काही केल्या जमेना. ती मी वेगळ्या टेकमध्ये केली. टक टक, आणि पाऊल. तुकडे जोडायचं काम त्याच्याकडे होतं.

शुक्रवार. आधी गाणं झालं. सगळे हळहळले, कुणी नाक पुसलं. मग माझी चढण. अंधारात नुसती पावलं. आधी नसल्यासारखी, मग असल्यासारखी, मग अगदी मानेमागे. एकशे एकोणचाळीस. पडद्यावर नायक शेवटच्या पायरीपाशी थांबला. मागे काहीच नाही. शांतता. त्याची मान वळायला लागली...

टक टक.

खूण! कापायची खूण तशीच राहिली होती! नवशिक्याचीसुद्धा होत नाही अशी चूक, आणि ती नेमकी इथे, माझ्या पावलांत! मी डोळे मिटून घेतले.

“थांबवा!” मॅडम ओरडल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “हे कुणी केलं?”

“माझ्याकडून कापायचं राहिलं,” तो शांतपणे म्हणाला.

“राहू दे! हात लावाल तर खबरदार!” मॅडमनी पडद्यावरच्या नायकाकडे बोट दाखवलं. “तो विचारतोय, आहेस का? आणि ती सांगतेय, आहे! मग वळेल कशाला? इथून पुढचं सगळं काढा. नव्याने शूट करू. हा वळणारच नाही!”

हजारो वर्षं जी बाई शेवटच्या पायरीवर हरवत होती, ती आमच्या सिनेमात वर आली. माझ्या टाचेवर चालत आली. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगेन.

पण त्याचं गाणं गेलं. नामावलीच्या मागे दोन मिनिटं उरलं तेवढंच. त्यानंतर तो स्टुडिओत फिरकला नाही, आणि मलाही फोन करायला तोंड नव्हतं.

सिनेमा लागला. पहिला खेळ दुपारचा होता. आईला घेऊन गेले. चढण सुरू झाली तशी ती पुटपुटली, “गाणं बंद पडलं वाटतं.” थिएटरभर नुसती माझी पावलं, आणि एवढी माणसं श्वास धरून बसलेली! शांतता. मान वळायला लागली...

टक टक.

“आले गं!” आई अंधारात मोठ्याने म्हणाली.

लोक हसले, कुणी “श्श!” केलं. आईने माझा हात घट्ट पकडला. “ही तू आहेस,” ती म्हणाली. “अगं, ही तू आहेस!” अकरा वर्षं मी जे समजावू शकले नव्हते, ते तिला दोन ठोक्यांत कळलं.

खेळ सुटल्यावर ती पुढे पुढे जिना उतरत दिसेल त्याला सांगत होती, “ते चालणं आमच्या मुलीचं बरं का!” मी मुद्दाम मागे राहिले. आणि तेव्हा पाठीमागून आवाज आला.

करकर... करकर...

माझे पाय जागीच थांबले. तोही थांबला, दोन पायऱ्या वर.

“वळू नका,” तो म्हणाला. “तोंडावर सांगायची हिंमत नाही. ती खूण... पहिल्यांदा खरंच राहून गेली होती. मग जोडलेलं ऐकलं, आणि कळलं की याच्यापुढे माझं गाणं टिकणार नाही. कात्री हातात होती. नाही चालवली.”

“का?” मी विचारलं.

“इतकं खरं मला कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. ते तुम्ही पडद्यावरच्या त्याला दिलं होतं, माहितेय मला... पण मला हवं होतं.”

“आणि मग तोंड लपवून कुठे बसलात इतके दिवस?”

“तुमचं नाव शोधत होतो. ताई सोडून.”

“सापडलं?”

“नाही. नुसतं ‘तू’ म्हणू?”

मी टाच उचलली. टक टक.

मागे कुणी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. आणि मनाई त्या गवयाला होती, मला थोडीच होती! मी वळले. तो होता तिथेच होता, उसवलेल्या बुटात, लाल कानांनी.