पहिल्या भागाचा वास

"एका पुस्तकाची तीन पुस्तकं केलीत तुम्ही. माझं पोर कापून तीन घरांत वाटलंत, आणि प्रत्येक घराला सांगितलंत की हे अख्खं आहे!"

केरबा आवटी भिंतीतल्या जाळीकडे बघून बोलत होता. जाळीपलीकडून प्रकाशनसंस्थेचे वरचे साहेब ऐकतात, असं त्याला सांगितलं होतं. साहेबांचं नाव करारावरही नव्हतं, तिथं नुसतं 'व्यवस्थापन'.

"बसा, आवटी सर," डॉ. शर्वरी कोपरकर म्हणाल्या. संस्थेच्या वाचक-प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. "सही झाली की चहा घेऊ."

सही कशावर, तर 'राखेचे उपग्रह' मालेचा पाचवा भाग कथायंत्रानं लिहिलाय, तो आणि पुढचे सगळे केरबाच्या नावानं काढायला त्याची हरकत नाही, यावर.

सातवीत शाळा सुटलेला केरबा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर होता. रद्दीतली भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचून त्यानं पहिला भाग लिहिला, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. दुसराही त्यानं जीव ओतून लिहिला. संस्थेनं त्याचे तीन तुकडे केले आणि मधल्या भगदाडांत भाडोत्री भर घातली. त्यानंतर पाच वर्षांत केरबाच्या हातून एक ओळ उतरली नव्हती. सकाळी कागद घेऊन बसायचा, दुपारी कोराच उचलून ठेवायचा. अक्षरओळख नसलेली त्याची बायको हिराबाई त्याच्या तोंडून सगळं ऐकायची. शेवटच्या आजारातही ती गोष्टीतल्या नायिकेबद्दल विचारत राहिली, "सावनी घरला कधी पोचती ओ?" उत्तर न ऐकताच ती गेली. आपण आटलो, हे केरबानं तेव्हाच कबूल केलं. नाहीतर तो इथं आलाच नसता.

टेबलावर चार भाग शेजारी उभे होते. चारही कणे मिळून एक यान दिसायचं, पण शेपूट नव्हतं.

"शेपूट पाचव्याच्या कण्यावर," शर्वरीबाई हसल्या. "चार भाग घेतलेला माणूस बिनशेपटीचं यान कपाटात ठेवूच शकत नाही. पण ते किरकोळ. खरी करामत कागदात आहे. हुंगा."

"नव्या पुस्तकाचा येतो तसा वास आहे की."

"तसा, पण तोच नाही. जगात दुसरीकडे कुठेच नाही हा. आम्ही याला गंधमुद्रा म्हणतो. नाकाची वाट थेट आठवणीच्या कोठारात जाते. पहिला भाग वाचताना जे वाटलं, त्याची या वासाशी गाठ बसते. पुढच्या भागाचं वेष्टन फोडलं, की वाचायच्या आधीच ते सगळं पुन्हा वाटतं."

"म्हणजे आत काय लिहिलंय याला कुत्रं विचारत नाही?"

"सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं." त्यांनी पडद्यावर ओढमापकाचा आलेख आणला. वाचकाच्या कपाळाला पट्टी बांधून घेतलेला. "दुसऱ्या भागाला ओढ जबरदस्त. तिसऱ्याला घसरण. चौथ्याला बघा, तळ. वास आनंद बोलावतो आणि पानांवर निघते भर. असं तीनदा झालं की मेंदू जुनी गाठ सोडून नवी मारतो. हा वास आला की कंटाळा, अशी. मग तो माणूस आपला आवडता पहिला भाग उघडतो. कागद तोच, वास तोच. चार पानांत पुस्तक मिटतो. एका शिक्षिकेनं अकरा वेळा वाचला होता. आता मळमळतं म्हणाली. माझंच काहीतरी बिघडलं असणार, असं लिहिलंय बिचारीनं."

"आणि तुमचा उपाय?"

"नवा वास. पाचही भाग नव्या कागदावर पुन्हा छापून, पेटीबंद."

केरबानं चौथा भाग उचलून हातात उलटापालटा केला.

"डॉक्टरबाई, त्या भरीची मुद्रितं माझ्याकडे यायची. ती कुठल्या कागदावर?"

"याच. लेखकाला पक्क्या कागदावरच पाठवतो आम्ही. मान म्हणून."

"माझे डोळे अधू. नाक पानाला टेकवून वाचतो. तीन तीनदा वाचली, शिव्या घालत. आम्ही मागावर उभं राहताना सूत नेणाऱ्या धोट्याला हात लावून कपाळाला लावतो. तसंच लिहायला बसताना मी रोज पहिला भाग मधोमध उघडतो, एक पान हुंगतो, मगच पेन्सिल धरतो."

शर्वरीबाईंचा चेहरा उतरला. "रोज?"

"पाच वर्षं."

त्यांनी एकदा जाळीकडे पाहिलं. मग "तुमचीही गाठ उलटी बसलीय," म्हणत पहिल्या भागाचं एक पान कचेरीतल्या साध्या कागदावर छापून त्याच्यापुढे ठेवलं.

केरबानं नाक टेकवलं. कसलाच वास नव्हता. तो वाचू लागला. सावनीचं इंजिन बंद पडलंय, आणि त्या सुनसान यानात तिला आईच्या मागाची खटखट ऐकू येतेय. पान संपलं तेव्हा त्याचे ओठ हलत होते. त्यानं हाताला आला तो कागद पालथा केला आणि पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. सात ओळी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, तो करारच होता.

"आवटी, सही करा," जाळी पहिल्यांदाच बोलली. "नव्या संचाची पहिली पेटी तुम्हालाच."

"बाई, हा आलेख कधीचा?"

शर्वरीबाईंनी मान खाली घातली. "चार वर्षं झाली."

केरबा उठला आणि जाळीच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"साडेतीन वर्षांमागं मी तुम्हाला पत्र लिहिलं. रोज सकाळी पहिला भाग हुंगतो, तरी ओळ फुटत नाही, काय करू, असं विचारलं. तुमचं उत्तर आलं, वय झालं, विश्रांती घ्या. माझी हिरा तेव्हा जिती होती. दोन वर्षं होती अजून तिच्यापाशी. ते पत्र वाचलंत तेव्हा हा आलेख तुमच्यासमोर होता का नव्हता? यंत्राला विचारू नका, या बाईंना विचारू नका. तुम्ही बोला. होता का नव्हता?"