सामासिक अंतर वाढवावे

इमारत निरीक्षकांना कचेरीत सगळे मागून 'फूटपट्टी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. वीस वर्षांत त्यांचं एक माप खोटं ठरलं नव्हतं. नोटिसाही ते मोजक्या शब्दांत लिहीत. पाल्हाळ लावणाऱ्या सहकाऱ्यांची त्यांना कीव यायची.

त्या सकाळी ते एका शिक्षिकेच्या घरी फेरतपासणीला आले. घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये दीड मीटर मोकळी जागा, म्हणजेच 'सामासिक अंतर', हवी, असा नियम. वर्षापूर्वी मागच्या खोलीपाशी ती दहा सेंटिमीटर कमी भरली होती. तेव्हा त्यांनी भिंतीवर नोटीस चिकटवली होती: सामासिक अंतर वाढवावे.

त्यांनी टेप लावली. दोन मीटर दहा.

"बाई, भिंत मागे घेतलीत? छान झालं. पण कळवायचं तरी."

"आम्ही विटेलाही हात लावला नाही," शिक्षिका म्हणाली. "आधी खोलीतलं कपाट बाहेर काढावं लागलं. मग खुर्ची. आता सासऱ्यांची खाट तेवढी उरलीय, आणि सकाळपासून तर भिंत भराभर सरकत तिला येऊन टेकलीय. त्यांना हलवायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे हो. काय करू मी?"

असल्या बोलण्याला निरीक्षक भीक घालणारे नव्हते. त्यांनी पुन्हा मोजलं. दोन अकरा. टेप पुसून पुन्हा लावली. दोन बारा. भिंतीला तडा नव्हता, रंगाचा पोपडासुद्धा निघाला नव्हता. कुंपण जागच्या जागी होतं. नोटिशीखाली त्यांचीच ठसठशीत सही होती.

त्यांनी नोटीस वाचली. किती वाढवावे, ते लिहिलंच नव्हतं.

चूक कागदाची असेल तर इलाजही कागदच, आणि कागदाच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बॅगेतून कोरा फॉर्म काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: मागील नोटीस रद्द. परिस्थिती जैसे थे ठेवावी. सही केली, शिक्का मारला, कागद भिंतीवर चिकटवला.

टेप लावली. दोन बारा.

पाच मिनिटांनी पुन्हा. दोन बारा.

"थांबली," ते म्हणाले. "आता निर्धास्त राहा."

बाईंना रडू आवरेना. "चला, बाबांना तुम्हीच सांगा. आत्ताच चहा दिलाय त्यांना."

दोघं आत गेली. खाट दोन भिंतींत घट्ट बसली होती. सासरे उशीला टेकून बसले होते. कप ओठांपाशी, नजर दाराकडे.

"बाबा, झालं बरं का काम!"

कप ओठांपासून खाली आला नाही.

"बाबा?"

निरीक्षक खाटेजवळ गेले. कपावर वाफेची एक रेघ होती.

त्यांनी तिच्यावर फुंकर घातली. ती हलली नाही.