पालथा पेला

लासुर्ण्याच्या चर्चमागच्या नळावर शांतवन गुरुजी प्रभुभोजनाचे पेले विसळत बसले होते. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात, त्याचे हे बोटभर उंचीचे काचेचे पेले, त्यांत घोटभर रस मावायचा. गुरुजींनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. वारा कुठून येतो इथपासून दूध का नासतं इथपर्यंत प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांच्याकडे तयार असे. त्यांची बायको अनिता म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी विचारतील, समुद्रसपाटीपासून उंची किती?"

त्यांची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, प्रेस्बिटेरियन पंथाची. त्यांच्यात प्रभुभोजनासाठी कुणी पुढं रांग लावत नाही. माणसं आपापल्या बाकावर बसून राहतात आणि मंडळीने निवडलेले जाणते लोक, ज्यांना 'वडील' म्हणतात, तबक घेऊन त्यांच्यापर्यंत जातात. गुरुजी या वडिलांमधले सगळ्यात जुने. पिऊन झालं की पेला तबकात पालथा ठेवायचा, ही शिस्त त्यांनीच लावली होती. त्यांना चष्म्यातूनही लांबचं नीट दिसत नसे. पेला पालथा दिसला की त्या माणसाने घेतलं हे कळायचं. आणखी एक नियम होता. आजारी असो, गावाला गेलेला असो, मंडळीत नाव आहे तोवर माणसाचा पेला भरायचाच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चर्चला कुलूप लागलं, तेव्हा वडिलांनी ठरवलं की लोक येत नाहीत तर तबक लोकांच्या दारी जाईल. दर रविवारी. त्याच फेरीत डबेही जायचे. ज्या घराला पत्रे ठोकलेत त्या घरी, मग ते कुणाचंही असो, पिठलं-भाकरी पोचवायची. चुलीपाशी अनिता उभी राहायची आणि सिकंदर आपला भाजीचा टेम्पो काढायचा. सिकंदर मंडळीतला नव्हता. पण पहिल्या लाटेत त्याच्या घराला पत्रे लागले, तेव्हा अनिताचाच डबा दाराशी यायचा. तेव्हापासून डिझेलच्या पैशांचं नाव काढलं की तो गुरुजींवर डोळे वटारायचा.

दारी पोचलं की पायरीवर ताटली ठेवायची, तिच्यात भाकरीचा तुकडा आणि पेले. माश्या बसू नयेत म्हणून वर पातेलं पालथं घालायचं, पातेल्यावर दगड. ठरल्या वेळी चर्चचे पाळक बारामतीहून सगळ्यांच्या फोनवर प्रार्थना सांगायचे. मग टेम्पो त्याच वाटेने परत फिरून ताटल्या गोळा करायचा.

शेजारच्या कळंबला फुलाबाईंच्या दाराला कुलूप होतं. आदल्या दिवशी त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं होतं.

"आता हितं कुणासाठी ठिवताय, गुरुजी?" सिकंदर म्हणाला.

"नाव आहे ना त्यांचं मंडळीत," म्हणत गुरुजींनी पेला भरला, पातेलं घातलं आणि दगड ठेवला.

परतताना दगड जागच्या जागी होता. गुरुजींनी पातेलं उचललं. भाकरीचा तुकडा नव्हता आणि पेला पालथा होता. त्यांनी तो उचलून उन्हात धरला. आत ओलही नव्हती.

सिकंदर कुलूप ओढून बघत होता. "कुलूप तसंच हाय," तो म्हणाला.

"साळुंकी असेल. नाहीतर कुणाचं तरी कार्टं."

"साळुंकी दगूड परत ठिवती व्हय?"

गुरुजी ताटली उचलून टेम्पोकडे वळले. दुपारी फोन आला. फुलाबाई सकाळी, प्रार्थना चालू असतानाच गेल्या होत्या. योगायोग, गुरुजी स्वतःशी म्हणाले. या दिवसांत माणसं जात होती आणि प्रार्थनाही होत होत्या. दोन्ही एका वेळी घडलं म्हणून काय झालं?

पुढच्या रविवारी ते सरुबाईकडे गेले. तिचा नवरा अविराज लोणी देवकरला कारखान्यात कामाला होता. तो इंदापूरच्या दवाखान्यात होता आणि सरुबाई घरात कोंडलेली. ताटलीत दोघांचे दोन पेले ठेवले होते. परत आले तर दोन्ही पालथे. सरुबाई खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

"मी माझाच घेतला, गुरुजी," ती आपणहून म्हणाली. "त्यांच्याला हात बी लावला न्हाय. प्रार्थना झाली, डोळं उघडलं, तर त्यो असाच हुता."

"चुकून तूच घेतला असशील, पोरी. माणूस धास्तावलेला असला की होतं असं."

"मला कळत न्हाय व्हय, काय प्याले ते?" ती म्हणाली. घरात तिचा फोन वाजत होता. ती आत गेली. ती परत खिडकीशी येईपर्यंत थांबायचं धाडस गुरुजींना झालं नाही. आतून पहिला हंबरडा आला तेव्हा सिकंदरने गाडी सुरूही केली नव्हती.

कालव्याच्या कडेकडेने टेम्पो चालला होता. दोन्हीकडे ऊस, आणि माणूस कुठं दिसत नव्हतं.

"गुरुजी, येक सांगू? दवाखान्यात हायत त्यांचं पेलं भरू नगा हितून पुढं."

"अरे, पेल्याने काय माणूस मरतं?"

"मी तसं म्हणत न्हाय. पण भरू नगा."

त्याच आठवड्यात अनिताला ताप आला. चुलीपाशीच तिला धाप लागली. सिकंदरनेच तिला टेम्पोत घालून बारामतीला नेलं. दवाखान्याच्या फाटकातून आत जाताना तिने मागं वळून गुरुजींना सांगितलं, "डब्याचं पिठलं पातळ करू नका." त्यानंतर ती दिसली नाही. फोनवर बोलता येत नव्हतं, नाकाला ऑक्सिजन होता. गुरुजी भयंकर घाबरले. घरात ते एकेका खोलीत जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

रविवार उजाडला. गुरुजींनी चहा केला, पण त्याला काही चवच नव्हती. साखर विसरलो असेन म्हणून त्यांनी आणखी घातली, तरी तेच. दूध पाणचट आलंय, ते म्हणाले, आणि कप तसाच मोरीत ठेवला.

त्यांनी पाळकांना फोन लावला. "साहेब, हिचा पेला आज भरू का नको?"

 कळंबची गोष्ट एव्हाना पाळकांच्याही कानावर गेली होती. "नका भरू, गुरुजी. देवाला कळतं."

पण हात थांबेना. तिचा पेला भरला नाही, तर तिचं नाव मंडळीतून आपणच काढल्यासारखं होतं. ती जिवंत आहे, आणि जिवंत माणसाचा पेला भरायचा असतो. गुरुजींनी तो काठोकाठ भरला.

बाकीच्या घरी सिकंदरने मुकाट्याने एकट्याने ताटल्या ठेवल्या. मग तो बारामतीला गेला, अनिताची काही खबर मिळते का ते बघायला. गुरुजी आपल्या घराच्या पायरीवर बसले. समोर ताटली होती, तिच्यात दोन पेले, डावीकडे अनिताचा आणि उजवीकडे त्यांचा. या वेळी त्यांनी पातेलं घातलं नव्हतं.

फोनवर प्रार्थना सुरू झाली.

आयुष्यात पहिल्यांदाच गुरुजींनी प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत. ते अनिताच्या पेल्याकडे बघत राहिले. ऊन रसातून आरपार जाऊन ताटलीत लाल ठिपका पडला होता. पापणी लवली की ते पेला पुन्हा न्याहाळायचे.

"हिला सोड," ते पुटपुटले. "कुणाला न्यायचंच असेल तर..."

पुढचं त्यांनी तोंडातून काढलं नाही.

प्रार्थना संपली. ठिपका तिथंच होता.

फोन वाजला. सिकंदर होता.

"गुरुजी! काकू उठून बसल्यात!" तो ओरडतच होता. "आक्सिजन काढला. सिस्टर म्हणली, भात मागत्यात. आन इचारतायत, पिठलं कुणी केलं म्हून."

 गुरुजी हुंदके देऊन रडले, भर उन्हात, उघड्या दारात. रडता रडता हसले. अनिताचा पेला समोर होता, काठोकाठ, थेंबभरही कमी न झालेला.

"गुरुजी? ऐकताय ना?"

"ऐकतोय रे बाबा."

"मग तुमी बी घ्या आता तुमचा. माझ्यासाठी बी दुवा मागा."

"घेतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि हात उजवीकडे नेला.

बोटांना काचेचं बूड लागलं.

त्यांचा पेला पालथा होता. कोरडा.

"गुरुजी?" फोनमधून सिकंदर विचारत होता. "घेतला का?"

सकाळपासून पहिल्यांदाच गुरुजींच्या जिभेवर चव आली होती. गोड, किंचित आंबट, द्राक्षांची.