दुसरी किल्ली

उद्या गाडी बघायला निघालायस ना रे? सेकंडहँड, पण ऐटीतली क्रॉसओव्हर, घरच्या सगळ्यांना पुरेल अशी? छान. तो मोठा दिवा बंद कर आणि बस इथे. तुम्हीही या सगळे. ऐकीव गोष्ट नाही ही, माझ्या अगदी ओळखीतल्या माणसाची आहे.

चष्म्याचं दुकान आहे त्याचं. अंगाने ताडमाड, पण साडूचा विषय निघाला की मन एवढंसं. साडू दातांचा डॉक्टर, बुटका, गोलमटोल. त्याने नवी कोरी क्रॉसओव्हर घेतली आणि चष्मेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. त्यात बायको सहज बोलून गेली, "धाकटीच्या गाडीत मागेसुद्धा पाय पसरून बसता येतं हो." झालं! जेवण गोड लागेना. दुकानात गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि आपण खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या.

शेवटी एका डीलरकडे तशीच गाडी मिळाली. तीच कंपनी, तोच पांढरा रंग, आत लेदरच्या सीट. दातवाला न बोलावता सोबत आला आणि टायरना लाथा मारून बघू लागला.

"एका बाईंची गाडी," डीलर म्हणाला. "मुलांना शाळेत सोडायला वापरायच्या. आणि हुशार बघा, किल्ली ओळखते. ज्याची किल्ली जवळ येईल त्याच्या मापाने सीट आपोआप पुढे-मागे होते."

"दुसरी किल्ली कुठाय?" दातवाल्याने विचारलं.

डीलर बॉनेट पुसत राहिला. "ती... त्यांच्याकडेच राहिली."

"साडूबुवा, दुसरी किल्ली हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका."

सल्ला बरोबर होता. पण तो साडूचा होता ना! याच्यासारखीच गाडी माझ्या दारात याला बघवत नाही, असं चष्मेवाल्याच्या डोक्यात बसलं. त्याने तिथल्या तिथे सह्या ठोकल्या.

आठवडाभर बायको खूश, शेजारी गप्प. मग एका सकाळी दार उघडलं, तर सीट पार पुढे सरकलेली. बुटक्या माणसाच्या मापाने. दुसऱ्या सकाळीही तेच. बायकोला तर गाडी येतच नाही. चष्मेवाल्याचा तिळपापड झाला. दातवाल्याने डीलरला गाठून ती किल्ली मिळवलीय, नि रात्री माझी गाडी फिरवतोय! स्वतःची असताना! आता त्याला रंगेहाथ पकडायचं, एवढंच एक खूळ.

डिसेंबरातला दुसरा रविवार. साडू आणि मेव्हणी जेवायला आलेले. सव्वादहाला चष्मेवाला म्हणाला, "गाडीत चष्मा राहिला, आणतो." खाली आला, स्टिअरिंगमागे बसला, दिवे मालवले. मी परतलो नाही की हा शोधत येणारच, खिशातल्या किल्लीसकट, म्हणाला मनाशी.

थोड्या वेळाने लॉक वाजलं. बाजूचे मिटलेले आरसे आपोआप उघडले.

"सापडलास!" तो ओरडला.

बाहेर कुणी नव्हतं.

मग सीट हलली. हळू... पुढे. त्याला घेऊन.

फोन वाजला. साडू.

"अहो, पानं वाढलीत. या की."

"तुम्ही... कुठे आहात?"

"तुमच्या बाल्कनीत. वर बघा."

त्याने पाहिलं. दातवाला हात हलवत होता. हात रिकामा.

"साडूबुवा, गाडीला टेकून ताई का उभ्यात?" मग साडूने मागे वळून घरात पाहिलं. "नाही... ताई तर इथे वाढतायत..."

गुडघे डॅशबोर्डला लागले. दार उघडेना. स्टिअरिंग छातीत रुतलं. श्वास... अर्धा. काचेपाशी कुणीतरी वाकलं होतं. चेहरा दिसत नव्हता. काचेवर वाफ मात्र धरत होती. बाहेरून.

आणि त्याला कळलं. ही जळफळ त्याच्या ओळखीची होती. आपल्या जागेवर दुसरा बसलेला न बघवणं.

"तुमची..." तो कसाबसा म्हणाला. "बाई, गाडी तुमचीच. माझी नाही."

सीट थांबली.

काचेवरची वाफ विरत गेली.

मग ती मागे सरकली. दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी डीलरला परत गेली, तिच्या एकुलत्या किल्लीसकट. सोबत साडू होता. हसला नाही बिचारा, एक शब्द टोचून बोलला नाही. चष्मेवालाही आता त्याच्या गाडीत मागे मुकाट्याने बसतो.

पण पुढच्याच रविवारी दारामागच्या खुंटीवर एक किल्ली लटकलेली दिसली. दुसरी. घरात कुणीच आणलेली नाही. डीलर फोन उचलेना. फेकायचा धीर होईना. साडूने स्वतःच्या हाताने तिची बॅटरी काढली, आणि दोघांनी ती किल्ली जेवणाच्या टेबलाच्या खणात टाकली.

अजून तिथेच आहे. कधी कधी रात्री खणाच्या फटीतून तिचा बारीक लाल दिवा लागलेला दिसतो. चष्मेवाल्याचा घास हातातच राहतो, आणि तो दोन्ही हातांनी आपली खुर्ची घट्ट धरून बसतो.