सहाव्या किलोमीटरची पट्टी

मोजणीबाईंना त्या दिवशी फक्त एक रुंदी मोजायची होती. काम जेमतेम अर्ध्या तासाचं.

महामार्गावर टोल भरून सुसाट जाणाऱ्यांसाठी एक वेगळी एक्स्प्रेस लेन होती. ती नदीच्या पुलापाशी संपायची. आता ती पुलापासून पुढे नऊ किलोमीटर वाढवायचं घाटत होतं. पण जागा आणणार कुठून? एका बाजूला गोदामांची रांग, दुसऱ्या बाजूला कालवा. साहेबांनी सोपी युक्ती काढली. रस्त्याच्या डाव्या कडेला बंद पडलेली गाडी उभी करायला जी मोकळी पट्टी असते, तीच खाऊन टाकायची. बाकीच्या लेन तिकडे सरकवल्या की मधे नव्या लेनला आयती जागा. नकाशा तयार होता. सुरक्षिततेच्या पानावर तेवढी बाईंची सही राहिली होती.

मोजल्याशिवाय बाई कशावरच विश्वास ठेवत नसत, म्हणून खात्यात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. त्या स्वतःची सावलीसुद्धा मोजून घेतात, असं टायपिस्ट म्हणायची. तर सही करायच्या आधी त्यांनी आठवडाभराचं कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला घेतलं, आणि पुलापासून सहाव्या किलोमीटरवर त्या अडकल्या.

रोज दुपारी चारला दहा कमी असताना डाव्या लेनमधली प्रत्येक गाडी एका ठरावीक जागी किंचित उजवीकडे सरकत होती. वीतभरच. कुणी ब्रेक दाबत नव्हतं, कुणी हॉर्न देत नव्हतं. ट्रक, मोटारी, टँकर, सगळ्यांची चाकं तेवढी वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. कडेच्या पट्टीवर तर काहीच नव्हतं. सात मिनिटांनी सरकणं थांबायचं.

"खड्डा असेल," साहेब म्हणाले.

"खड्डा सातच मिनिटं असतो का, साहेब?"

"बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा."

बाई काही मोकळ्या झाल्या नाहीत. टेप घेतली, वही घेतली आणि खात्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप चालवणारे काका निवृत्तीला आलेले, एरवी तोंडाला खंड नसलेले. त्या दिवशी मात्र पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी आलो असतो तर...?"

"सकाळी येऊन काय करू? मला चारचंच बघायचंय."

काका जीपमधून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले.

ऊन लख्ख होतं. डिझेलचा वास, धूळ, आणि ट्रक गेला की अंगातलं जाकीट फडफडावं असा वारा. बाईंनी टेपचं टोक लेनच्या पांढऱ्या रेघेवर ठेवलं, त्यावर दगड ठेवला आणि टेप सोडत लोखंडी कठड्यापर्यंत मागे आल्या.

आणि आवाज गेला.

गाड्या धावत होत्या. चाकं फिरत होती, धूळ उडत होती. पण कानात काही म्हणजे काही येत नव्हतं. मग वास बदलला. जळालेलं रबर, आणि तापलेल्या इंजिनातून उकळून सांडलेलं पाणी. समोरून एक टँकर आला आणि वीतभर सरकून गेला. त्यामागची मोटार सरकली. त्यामागचा ट्रकही.

टेपवरचा दगड गडगडत बाजूला झाला. टोक जमिनीवरून उचललं गेलं, हळूहळू कमरेच्या उंचीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. टेप ताणली गेली. पलीकडे कुणीतरी मुठीत घट्ट धरावी तशी.

"कोण... कोण आहे?"

कानाशी कुजबुजल्यासारखं झालं, "पुढे चला... कठड्याच्या पलीकडे... चला..."

बाईंना टेप टाकून जीपकडे पळावं असं वाटलं. पण मग त्यांना स्वतःचाच राग आला. आयुष्यभर मोजलं, आणि आज मोजायचं टाकून पळायचं?

"मी हलणार नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझं मोजून व्हायचंय. धरलीच आहे टेप, तर सैल सोडू नका."

टेप आणखी ताठ झाली. बाईंनी वाकून आकडा वाचला, "तीन मीटर दहा," आणि वहीत लिहिला. तेवढ्यात टेपला दोन झटके बसले. बसमध्ये कंडक्टर घंटेची दोरी ओढतो तसे, टक टक. टोक खाली पडलं, आणि रस्त्याचा सगळा गोंगाट एकदम अंगावर आला.

जीपमध्ये काका डोळे पुसत होते.

"दोनदा ओढली ना? माझा कंडक्टर तसाच ओढायचा."

बावीस वर्षांपूर्वी काका बस चालवायचे. तेव्हा इथे कडेला पट्टी नव्हती. बस भर लेनमध्ये बंद पडली. कंडक्टर मागे जाऊन उभा राहिला आणि हात करकरून येणाऱ्या गाड्या वळवू लागला. काकांनी सात मिनिटांत माणसं कठड्यापलीकडे काढली. मग एक ट्रक आला, तो वळला नाही.

"बेचाळीस माणसं होती, मॅडम. सगळी वाचली. तो गेला. त्यानंतर ही पट्टी झाली."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. "भुताखेतासाठी फाईल अडवणार? लोक तोंडावर हसतील."

"भुताचं मी कुठे लिहिलंय? तीन मीटर दहा जागा आहे आणि ती लागतेच, एवढंच लिहिलंय. बंद पडलेली गाडी माणसाने काय डोक्यावर घ्यायची?"

"तुम्ही नाही तर दुसरं कुणी सही करेल."

"करू दे. माझं विरोधाचं पत्र त्याच्या आधी फाईलला लागलंय. आवक नंबर घेऊनच आलेय."

घरी आईने विचारलं, "नोकरीवरून काढलं तर गं?"

"तर तुझ्या हातचं गरम जेवेन दोन्ही वेळा," बाई म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

लेनसाठी सुनावणी झाली तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं. रोज दोन-दोन तास गर्दीत अडकणारी माणसं. त्यांना लेन हवीच होती. मोजणीबाई बोलायला उठल्या तर मागून हुर्यो झाली. तेव्हा दाराजवळून काका उभे राहिले, खात्याच्या खाकी कपड्यात.

"तुम्ही खाली बसा," साहेब दरडावले.

"बावीस वर्षं खालीच बसलोय, साहेब. आज नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. टेपचं नाही, नुसतं बसचं. सांगून झालं तेव्हा हुर्यो करणाऱ्यांतला एकजण उठून म्हणाला, "माझी गाडी गेल्या महिन्यात तिथेच बंद पडली. पोरं होती मागे."

महिन्याने निर्णय आला. लेन पाचव्या किलोमीटरला संपणार. त्यापुढची पट्टी तशीच राहणार, आणि तिच्यावर अडकलेल्यांसाठी मदतीचे फोन बसवायचे. साहेबांनी त्याचा राग बाईंची बदली करून काढला. नियंत्रण कक्षात, दिवसभर पडदे बघत बसायचं. बाई डबा घेऊन ताठ मानेने तिथे जाऊन बसल्या.

चौथ्या दिवशी काका त्यांना भेटायला आले. चहा पीत दोघं बोलत होते. मदतीच्या फोनचे पिवळे खांब कालच रोवले होते. त्यांची केबल अजून खाली आवारात गुंडाळूनच पडली होती, काकांनी येताना पाहिली होती. तरी भिंतीवरच्या, त्या फोनांच्या फळीवर एक दिवा लागला. सहावा किलोमीटर.

काकांनी कप खाली ठेवला. बाईंनी रिसीव्हर उचलला आणि दोघांच्या मधे धरला.

आधी नुसती खरखर. मग दमलेला, धापा टाकणारा आवाज. "सगळे... उतरले का?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोजून सांगावं तसं स्पष्ट सांगितलं, "सगळे उतरले. बेचाळीसच्या बेचाळीस. तुम्ही आता जा."

खरखर थांबली. बाईंना वाटलं, गेला. त्या रिसीव्हर खाली ठेवणार, तोच आवाज पुन्हा आला, अगदी हळू.

"मग... बसमध्ये ही खिडकीपाशी कोण बसलीय?"