खांबेट्यांचा डावा हात

माणूस मरतो, पण त्याचे ज्ञान अमर होऊ शकते. हे वाक्य उद्घाटनाच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत होते. त्याखाली, ज्यांचे ज्ञान अमर झाले त्या डॉ. नरहर खांबेट्यांचे आडनाव 'खांबेकर' असे छापले होते.

खांबेटे हे मिरजेतले अगदी पहिल्या पिढीतले क्ष-किरणतज्ज्ञ. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी काढलेली काचेवरची चित्रे आणि काचेच्या कोपऱ्यांत कोरलेले शेरे, एवढ्यावरून शल्यविशारद डॉ. मृदुला पोतनीस आणि अभियंता अन्वर बागवान यांनी खांबेट्यांची 'प्रतिबुद्धी' घडवली होती. नवे चित्र पाहून ती खांबेट्यांसारखेच निदान करी आणि तिला जोडलेला 'शल्यहस्त' लगेच शस्त्रक्रियेला लागे.

उद्घाटनाच्या सकाळी, रुग्णाआधी आपण, या उदात्त भावनेने मृदुलाबाईंनी आपला डावा हात यंत्राखाली ठेवला. पोलादी पट्टे आवळले गेले.

"हातास दोन बोटे जादा आहेत," प्रतिबुद्धी म्हणाली. "काढावी लागतील."

अन्वर हसला. शल्यहस्ताने बधिरतेची सुई टोचली, तेव्हा हसायचा थांबला.

"अन्वर, वीज बंद कर!"

"उपयोग नाही, मॅडम. वीज गेली तर ऑपरेशन अर्धवट राहू नये म्हणून आपण बॅटरी बसवलीय."

"मग मी नको म्हणते!"

"पेशंट घाबरून नको म्हणतातच, ते ऐकायचं नाही, असं तुम्हीच—"

"कळलं! ही बोटं गेली तर मी उरलेलं आयुष्य काय करू? भाषणं? काचा दाखव आधी. हा माणूस चांगला हात कशाला म्हणतो?"

अन्वरने पडद्यावर काचा लावल्या. हात. पुन्हा हात. पुन्हा तोच. कोपऱ्यात प्रत्येक वेळी एकच शब्द: 'ठीक'.

"हाडं झिजलीत," मृदुलाबाई म्हणाल्या. "करंगळी नाही, शेजारचं बोट नाही. अन्वर, हा त्यांचा स्वतःचा हात आहे! क्ष-किरणांची नळी नीट चालते का, हे तेव्हाचे डॉक्टर सकाळी आपलाच हात धरून बघायचे. किरणांनी बोटं जळायची, मग कापावी लागायची."

"मग 'ठीक' कसं?"

"ठीक नळी होती!"

अन्वरने कपाळाला हात लावला. "म्हणजे तीन बोटांचा हात ठीक. आणि पाच बोटांचे सगळे हात रुग्णांचे, म्हणजे बिघडलेले. खांबेट्यांची आधीची, धडधाकट हाताची चित्रं कुठायत?"

"पुरात गेली."

"बाई, हात हलवू नका," प्रतिबुद्धी म्हणाली. "कापण्यापूर्वी एक चित्र घेतो."

पाते करंगळीच्या मुळाशी येऊन टेकले. मृदुलाबाईंना काहीच जाणवले नाही, आणि तेच जास्त भयंकर होते.

"यंत्राच्या नळीचा विद्युतदाब उतरव!" त्या ओरडल्या.

"चित्र पुसट येईल."

"येऊ दे! नळी बिघडलेली असताना खांबेटे कापतील का?"

अन्वरने कळ पार खाली आणली. नळी घुमली. पडद्यावर राखाडी धुके उमटले. त्यात हात होता की पावभाजी, कुणालाही सांगता आले नसते.

"नळी नरम, किरणांत जोर नाही," प्रतिबुद्धी म्हणाली. "आज काम बंद."

पाते वर गेले. पट्टे सुटले. मृदुलाबाईंनी बधिर हात छातीशी धरला आणि उजव्या हाताने बोटे मोजली. पुन्हा मोजली.

मग त्यांनी विचारले, "डॉक्टर, इतकी वर्षं रोज बघत होता. तुमचा हात कसा होता?"

"त्याबद्दल शेरा नाही," प्रतिबुद्धी म्हणाली.

उद्घाटन ठरल्या वेळी झाले. यंत्रावर चादर घातली होती. पत्रिकेतले आडनाव हाताने दुरुस्त केले होते.